गुरुजी, निवृत्तीची वाट पाहू नका!

दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या प्रतिमेला हार पडतात. भाषणे होतात, शिक्षिकांना शाल-श्रीफळ दिले जाते. माईंनी अंगावर शेण-दगड झेलून मुलींना शिकवले, हे आता वस्तीतल्या लहान मुलालाही पाठ आहे. परंतु १८५४ साली 'काव्यफुले' हा त्यांचा संग्रह छापून निघाला तेव्हा त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचे शाळेचे काम चालूच होते, ही गोष्ट सत्कार समारंभात फारशी कोणी सांगत नाही. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. आधी शिक्षिकेचे पुस्तक आणि लगेच विद्यार्थिनीचा निबंध! याला आम्ही योगायोग मानत नाही. जिथे शिकवणारा लिहितो तिथे शिकणाऱ्याच्याही हातात लेखणी येते. आपल्या चळवळीत शिकवणे आणि लिहिणे ही दोन वेगळी खाती कधीच नव्हती.

आज ती वेगळी झाली आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेपासून विद्यापीठापर्यंत आपल्या समाजाचे हजारो शिक्षक आहेत. तीस-पस्तीस वर्षे नोकरी होते, निरोप समारंभ होतो, फोटो निघतात आणि गुरुजी घरी जातात. त्यांच्याबरोबर तीस वर्षांचा अनुभवही घरी जातो. कोणत्या गावात आपल्या मुलांना मागे बसवले जात होते, ते कसे मोडून काढले. ऊसतोडीला गेलेली मुले परत शाळेत कशी आणली. गावात भाड्याने खोली मिळेना तेव्हा काय केले. हे सारे कुठल्या पुस्तकात आहे? डी.एल.एड., बी.एड. करणाऱ्या आपल्या मुलामुलींना मानसशास्त्राच्या व्याख्या पाठ असतात. पण पहिल्या नेमणुकीच्या गावात आडनाव विचारले गेले की काय करायचे, हे त्यांना कोणीच सांगितलेले नसते. प्रत्येक पिढी तोच अपमान नव्याने गिळते आणि तीच वाट नव्याने शोधते.

शांताबाई कांबळे यांचेच उदाहरण घ्या. १९४२ साली त्या सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका झाल्या. दलित स्त्रीने शाळेत शिकवायला उभे राहणे हीच त्या काळी क्रांती होती. प्रशिक्षणासाठी त्या पुण्याला गेल्या १९५२ साली, म्हणजे दहा वर्षे शिकवून झाल्यावर! पुढे त्या शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या आणि १९८१ साली निवृत्त झाल्या. त्यानंतर त्यांनी लेखणी हाती घेतली आणि १९८६ साली 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे पुस्तक आले. एका शिक्षिकेच्या चाळीस वर्षांचा ठेवा समाजाला मिळाला, पण तो निवृत्तीनंतर. ज्यांनी लिहिलेच नाही अशा शिक्षिका किती असतील, याचा हिशेब कोण देणार?

माधव कोंडविलकर प्राथमिक शिक्षक होते. 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' हे १९७९ सालचे त्यांचे पुस्तक दैनंदिनीच्या रूपात आहे. हातात खडू आला तरी जात पाठ सोडत नाही, हे त्यांनी दिवसाच्या दिवस टिपून ठेवले. कुमुद पावडे संस्कृतच्या प्राध्यापिका. १९८१ सालच्या 'अंतःस्फोट'मध्ये त्यांनी आपल्या संस्कृतची गोष्ट सांगितली. पदवी तीच, विषय तोच. पण माहेरच्या सोमकुवर या नावाला जी नोकरी मिळत नव्हती ती लग्नानंतर पावडे या नावाला मिळाली. मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलीने हे वाचायला नको काय?

आणि इथेच आमचे म्हणणे आहे. या पुस्तकांना साहित्याच्या व्यवहाराने 'दलित आत्मकथने' म्हणून एका कप्प्यात ठेवले. मराठीच्या एम.ए.ला त्यातल्या वेदनेवर प्रश्न विचारले जातात. पण ही शिक्षकांनी लिहिलेली, शिक्षकांनी वाचायची पुस्तके आहेत, असे अध्यापक विद्यालयात कोणी सांगत नाही. निदान आपण तरी ती तशी वाचली पाहिजेत.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मागणी केली होती की प्राथमिक शाळांचे शिक्षक होता होईल तो कष्टकरी शेतकरी वर्गातूनच प्रशिक्षण देऊन तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि लोकांच्या गरजा त्यांना समजतील. आरक्षणामुळे आपले लोक शाळेत पोहोचले, फुल्यांची अर्धी मागणी पुरी झाली. उरलेली अर्धी, म्हणजे लोकांत मिसळण्याची, ती कोण पुरी करणार? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती दर ६ डिसेंबरला आठवायची आणि ७ डिसेंबरला विसरायची काय?

काही शिक्षक बांधव म्हणतील, वेळ कुठे आहे? निवडणुकीची कामे, जनगणना, रोजची ऑनलाइन माहिती यातून वर्गावर जायलाच वेळ मिळत नाही. हे खरेच आहे. काही म्हणतील, आम्ही सरकारी नोकर, आम्हाला लिहिता येत नाही. त्यांना आम्ही १९२० सालाची आठवण देतो. ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाला तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते, सरकारी नोकरीत होते. म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचे लागले. पण लेखणी थांबली नाही! नोकरीची अडचण असेल तर वाट काढता येते. मनातच नसेल तर वाट निघत नाही.

दुसरीकडे पुस्तकांचा पूरही आला आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीला गुणांकन लावले आणि गुणांसाठी पुस्तके निघू लागली. स्वतःच्या खिशातले पैसे द्यायचे, पुस्तकाला क्रमांक मिळवायचा, प्रकाशन समारंभ करायचा आणि गठ्ठे माळ्यावर टाकायचे. अशा पुस्तकाने लेखकाची बढती होते, समाजाची होत नाही. आम्हाला हवे आहे ते ऐंशी पानांचे, स्वस्त, वस्तीतल्या होतकरू शिक्षिकेच्या पिशवीत मावणारे पुस्तक.

लिहिणारा शिक्षक दुसऱ्याला कसा घडवतो, हे मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराने दाखवून दिले आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत ते उभे केले. प्राचार्य म. ना. वानखेडे, प्रा. गंगाधर पानतावणे यांच्यासारखी माणसे तिथे केवळ तास घेऊन घरी गेली नाहीत. 'अस्मितादर्श'मधून पानतावणे सरांनी कित्येक नवख्यांना लिहिते केले, लेखक-वाचक मेळाव्यांतून त्यांना एकत्र आणले. २०१८ साली सर गेले. त्यांनी घडवलेल्या माणसांपैकी अनेकांनी पुढे वर्गात उभे राहून नवी पिढी शिकवली. हे काम एकट्या पानतावणे सरांचे होते काय?

तेव्हा शिक्षक बंधू-भगिनींनो, आमचे सांगणे साधे आहे. आठवड्यातून एकदा एक पान लिहा. तारीख घाला, मुलाचे नाव बदला, पण घडले ते जसेच्या तसे लिहा. आपल्या तालुक्यात डी.एल.एड., बी.एड. करणाऱ्या मुलामुलींना महिन्यातून एका रविवारी बुद्धविहारात बोलवा. २०१४ च्या नियमांनी बी.एड.ला वीस आठवडे शाळेत जाऊन शिकावे लागते. तुमच्या शाळेत असे कोणी आले तर त्यांना फक्त हजेरीपत्रक भरायला लावू नका; आपली वही वाचायला द्या आणि त्यांनाही लिहायला लावा. जयंती मंडळांनी डीजेच्या खर्चातला दहावा हिस्सा काढला तर वर्षाला एका शिक्षकाचे पुस्तक सहज निघेल. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे आपला समाज भाकरी बांधून येतो आणि पुस्तके विकत घेऊन जातो. वाचक तयार आहे. लिहिणारा गुरुजी कुठे आहे?

मुक्ताचा निबंध छापला गेला कारण तिला लिहायला शिकवणारे आधी स्वतः लिहीत होते. आज आपल्या वर्गात बसलेली मुक्ता कोणाकडे पाहून लिहिणार, याचे उत्तर प्रत्येक शिक्षकाने स्वतःला द्यावे. आणि ते निवृत्तीच्या आधी द्यावे!