छंदाचा कोपरा : गाडी धुवायची की मळवायची?

बालदोस्तांनो,

या आठवड्यात जामनेरहून एका सातवीतल्या मित्राचं पत्र आलंय. त्यानं शाळेच्या प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याची ‘पीजे’ बनवली. पीजे म्हणजे पाचोरा–जामनेर गाडी. ती अडीच फुटी रुळांवर पहूर, शेंदुर्णी करत सुमारे 56 किलोमीटर जायची. 2020 साली ती बंद झाली. पुढं तिथं मोठे रूळ टाकायचं ठरलं.

गाडी रंगवून झाली. आई म्हणाली, “छान! अगदी नवी कोरी दिसते.” आबांनी मात्र चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, “गाडी चांगली आहे रे, पण ही आपली पीजे नाही. आपली इतकी चकचकीत कधी होती?” आता मित्राला गाडीवर धूळ, गंज, काजळी दाखवायची आहे. आई म्हणते, “मळकी गाडी ठेवलीस तर लोक म्हणतील, पोरानं नीट काम केलं नाही.” मित्र विचारतो, “काका, बरोबर कोण?”

दोघंही बरोबर! कसं ते सांगतो.

पोळ्याला आपण बैलाला न्हाऊ घालतो, शिंगं रंगवतो, झूल चढवतो. दुसऱ्या दिवशी तोच बैल मातीत राबतो. यातला खरा बैल कोणता? दोन्ही खरेच. गाडीचंही तसंच. दसऱ्याला रेल्वेचे कामगार इंजिन धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात, आणि एरवी तेच इंजिन धुरळ्यातून धावतं. म्हणून ब्रश हातात घेण्याआधी एक ठरवा : मी गाडीचा कोणता दिवस दाखवणार आहे?

कामाचा दिवस दाखवायचा असेल, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मळ कुठंही बसत नाही, त्याला कारण असतं. शेताकडची धूळ डब्याच्या खालच्या भागावर जास्त. ब्रेकचं लोखंड चाकाला घासून जी भुकटी उडते, ती चाकांच्या आसपास तपकिरी होऊन बसते. डिझेल इंजिनाचा धूर मागं जातो, म्हणून काजळी टपावर. पावसाचं पाणी वरून खाली ओघळतं, म्हणून गंजाचे ओघळ उभे, आडवे नव्हेत! आणि दाराच्या दांड्या? हजारो हातांनी घासून त्या उलट चमकतात.

सामान घरातलंच. गंजासाठी गेरू. गंमत म्हणजे गंज आणि गेरू, दोघांनाही तो तांबूस रंग लोखंड आणि ऑक्सिजनच्या संयुगामुळे येतो. काजळीसाठी कोळशाची बारीक पूड. कोरड्या ब्रशनं अगदी चिमूटभर घ्या, आधी कागदावर झटका, मगच गाडीवर हलका हात फिरवा. तोंडा-नाकावर रुमाल बांधा, आणि मोठ्यांना सांगून करा.

चिमूटभरच का? गणित करा. मॉडेल खऱ्या गाडीच्या पन्नासाव्या हिश्शाचं असेल, तर त्यावरचा एक मिलिमीटरचा डाग म्हणजे खऱ्या गाडीवर पाच सेंटिमीटरचा! मी लहानपणी हे गणित न करता एका सुंदर डब्यावर तपकिरी रंग फासला होता. डबा जुना दिसायच्या ऐवजी गटारात पडल्यासारखा दिसायला लागला. तो काही परत नवा झाला नाही.

म्हणून आधी टाकाऊ पुठ्ठ्याच्या पट्टीवर सराव करा. प्लॅस्टिकवरची पूड बहुतेक वेळा पुसता येते, पण पुठ्ठ्यात ती मुरते. विकत आणलेल्या, विजेवर चालणाऱ्या गाडीला तर विचार केल्याशिवाय हात लावूच नका. तिच्यात वीज रुळांतून चाकांमार्फत मोटारीत जाते. चाकांवर पूड बसली, की गाडी अडखळलीच म्हणून समजा. आणि ती कुणी प्रेमानं भेट दिली असेल, किंवा संग्रहात जपायची असेल, तर कोरीच ठेवा. जपणं हाही छंदच आहे.

आता माझ्या जामनेरच्या मित्रा, तुझ्यासाठी. माझं मत आबांच्या बाजूनं आहे. नवी गाडी कशी असते, ते कुठल्याही चित्रात दिसेल. पण रोज धावणारी पीजे कशी दिसायची, ते आता रुळांवर जाऊन बघता येणार नाही. ते आबांसारख्यांच्या डोळ्यांतच आहे. तेव्हा आबांना शेजारी बसव आणि विचार : धूळ कुठं बसायची? रंग कुठं उडालेला असायचा? तुम्ही कुठल्या खिडकीत बसायचात? ते बोट दाखवतील तिथंच ब्रश लाव.

आणि आईची काळजीही खोटी नाही हं! बघणाऱ्याला कळायला हवं, की हा मळ मुद्दाम, विचार करून दाखवलाय. म्हणून गाडीपुढं एक छोटी पाटी ठेव : ‘पाचोरा–जामनेर गाडी, उन्हाळ्यातली एक दुपार.’ पाटी मात्र स्वच्छ अक्षरात लिही!

पालकहो, प्रदर्शनाला आजी-आजोबांना जरूर न्या. त्या गाडीपुढं उभे राहिले, की ते आपोआप बोलायला लागतील.

तुमचा,
छंदकाका