मुलांना अडवते कोण?

विश्रांतवाडीच्या आसपासची धानोरी, कळस ही एकेकाळची खेडी. आज तेथे मजल्यांवर मजले चढले आहेत. त्यांतील अनेक घरांत पतिपत्नी दोघेही नोकरीला जातात आणि त्यांची धुणीभांडी करणारी बाई आपले मूल कोणाच्या तरी भरवशावर टाकून येते. असे असूनही एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर पाळणाघर वा बालवाडी काढण्याची गोष्ट निघाली, की सह्यांचे निवेदन महापालिकेकडे रवाना होते. बालशिक्षणाला विरोध नाही, मात्र ते येथे नको, असा त्याचा मथितार्थ असतो. या 'येथे नको'ला आमचा विरोध आहे.

हरकत घेण्याचा नागरिकांचा हक्क आम्ही नाकारीत नाही. जागेचा वापर बदलायचा तर १९६६ च्या नगररचना अधिनियमानुसार परवानगी हवीच. रस्त्याची रुंदी, आगीपासून संरक्षण, स्वच्छतागृहे, मुलांना वाहनातून उतरवण्याची जागा, या सर्वांची कसोशीने पाहणी व्हावी. उद्यानाची जागा कोणी मागितली, तर आम्हीही हरकत घेऊ. बंगळूर येथे उद्यानासाठी राखलेला भूखंड खाजगी शुश्रूषागृहाला देणे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली अवैध ठरवले, ते योग्यच झाले. परंतु अटी मागणे वेगळे आणि दारच बंद करणे वेगळे.

पहिली तक्रार गोंगाटाची. लोहगावच्या धावपट्टीवरून उठणारी विमाने आपण सोसतो, मंडपातले ध्वनिवर्धक सोसतो. सकाळी दहा वाजता गाणी म्हणणारी बालके मात्र आपल्याला सोसवत नाहीत! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळेला रुग्णालयाच्या पंक्तीस बसवले, ते तिला गोंगाटापासून वाचवण्यासाठी.

दुसरी तक्रार, सदनिकांचे भाव उतरतील अशी. येथे इतिहास उलट साक्ष देतो. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोममधील सान लोरेन्झो वस्तीत एका राहत्या चाळीतच उघडले. ते उघडण्यात पुढाकार होता चाळीच्या मालक कंपनीचा. आईबाप कामावर गेल्यावर मोकाट राहिलेली मुले जिने व भिंती खराब करीत, म्हणून इमारत राखण्यासाठी मालकांना बालगृह हवे होते. त्याच माँटेसरींची पद्धत ताराबाई मोडकांनी महाराष्ट्रात रुजवली. १९४५ साली बोर्डीत काम सुरू करून त्यांनी व अनुताई वाघांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आपला शब्द त्याच कार्यातून आला. ज्या प्रांताने हा शब्द दिला, त्या प्रांतात मुलांना अंगण नाकारावे?

तिसरी तक्रार कागदावर येत नाही, जिन्यात कुजबुजली जाते : 'कोणाकोणाची मुले येतील!' खरे दुखणे हेच आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. पण चार घरची कामे करणाऱ्या बाईची आस्थापना कोणती? तिच्या मुलाला आसरा मिळेल तो वस्तीतच. तिचे श्रम आपल्या स्वयंपाकघरात चालतात, मग तिचे मूल तळमजल्यावर का चालू नये?

अशा निवेदनांवर रविवारी मिस्सेला येणारेही सह्या करतात, म्हणून हे आम्ही या पानांतून लिहीत आहोत. मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय पुन्हा उघडावा. बालकांना प्रभूकडे जाण्यापासून अडवणारे परुशी नव्हते, रोमन शिपाई नव्हते; ते शिष्य होते. त्यांचाही हेतू वाईट नसावा, त्यांना शांतताच राखायची असेल. तरीही प्रभू येशू रागावला, असे मार्क स्पष्ट नोंदवतो.

तेव्हा पुढील निवेदन दारी येईल, त्या वेळी धर्मग्रामातील कुटुंबांनी त्यावर 'अमुक अटींवर परवानगी द्यावी' असे लिहिण्याचा आग्रह धरावा. तसे लिहू न दिल्यास सही करू नये. आणि ख्रिस्तसभेनेही केवळ उपदेश करून थांबू नये. आपली जी सभागृहे लग्नसमारंभ नसताना आठवडाभर कुलुपात असतात, त्यांच्या किल्ल्या प्रथम बाहेर काढाव्यात. शेजाऱ्याकडे तळमजला मागण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतरच पोहोचेल.