टायर तेच होते का?

रविवारी रेस संपली की होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये एकच विषय रंगतो. सगळ्यात भारी ड्रायव्हर कोण? एका बाजूला हॅमिल्टनवाले, दुसरीकडे शूमाकरवाले, आणि कोपऱ्यात एखादा सेनाचा भक्त, ज्याने सेनाची एकही रेस लाइव्ह पाहिलेली नाही. (कशी पाहणार? सेना गेला १९९४ ला, तेव्हा आपल्यापैकी कोणाचा जन्मही नव्हता.) शूमाकर आणि हॅमिल्टन, दोघांची सात-सात विजेतेपदं. शूमाकरचे ९१ विजय हॅमिल्टनने २०२० मध्ये मागे टाकले. इथपर्यंत ठीक. पण वाद अंगाशी यायला लागला की हॅमिल्टनवाले हुकमाचा पत्ता टाकतात, "अरे, तुझा शूमाकर परत आला आणि होती नव्हती ती इज्जत घालवून गेला!"

माझं भांडण या वाक्याशी आहे.

मी देवळ्याचा. कांद्याच्या सीझनला पाच कंदिलाजवळच्या टपरीवर हाच वाद पिकअप ड्रायव्हरांवरून चालतो. अमक्याने भरल्या गाडीने भावडबारीचा घाट कसा काढला, तमक्याने लासलगावला सगळ्यांच्या आधी नंबर कसा लावला. माझा मामा तिथे असला की एवढंच विचारतो, "गाडी कोणती व्हती? अन् माल किती व्हता?" मग निम्मे लोक चहाकडे वळतात. चार वर्षं इंजिनिअरिंग करूनही आपल्याला सुचत नाही ते त्याला सुचतं. दोन रीडिंगची तुलना करायची तर बाकीचे व्हेरिएबल सारखे पाहिजेत. हे जर्नलच्या पहिल्या पानावर आपण सगळ्यांनी लिहिलंय, म्हणजे कॉपी केलंय.

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक टीमची गाडी वेगळी. त्यामुळे थोडीफार न्याय्य तुलना एकाशीच होते, आपल्याच टीममधल्या दुसऱ्या ड्रायव्हरशी. शूमाकर २००६ च्या शेवटी थांबला आणि २०१० मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, मर्सिडीजमधून परतला. बाजूला निको रोझबर्ग, सोळा वर्षांनी लहान. २०१० चे गुण रोझबर्ग १४२, शूमाकर ७२. २०११ ला ८९ आणि ७६. २०१२ ला ९३ आणि ४९. तीन सीझन, ५८ रेस, विजय शून्य. हरला, साफ हरला. हे मी शूमाकरवाला असूनही लिहून देतो.

पण हरला कोणाशी? हाच रोझबर्ग पुढे २०१३ ते २०१६ हॅमिल्टनच्या बाजूला त्याच टीममध्ये होता. २०१४ आणि २०१५ ला हॅमिल्टन चॅम्पियन, २०१६ ला रोझबर्ग. म्हणजे ज्याने हॅमिल्टनला सारख्या गाडीत एक वर्ष हरवलं, त्याच्यापेक्षा बेचाळीस वर्षांचा माणूस २०११ मध्ये तेरा गुणांनी मागे राहिला. हे गणित पक्कं नाही, मला माहीत आहे. २०११ चा रोझबर्ग आणि २०१६ चा रोझबर्ग एकच नव्हे. पण "इज्जत गेली" म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा आणि मग बोलावं.

दिवाळीत मामाला ही सगळी कथा सांगितली. गाडी तीच, माल तोच, तरी मागे पडला म्हटल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "टायर तेच व्हते का?"

मी उडालोच. टायर तेच नव्हते! शूमाकरच्या फेरारीच्या काळात ब्रिजस्टोन आणि मिशेलिनची स्पर्धा होती, आणि ब्रिजस्टोनचं सगळं लक्ष फेरारीवर. शिवाय फेरारीचा स्वतःचा फिओरानोचा ट्रॅक; तिथे शूमाकर फेरीवर फेरी मारत गाडी आणि टायर आपल्या हाताला बसवून घ्यायचा. तो परतला तेव्हा सगळ्यांना एकाच कंपनीचे टायर होते, २०११ पासून तर लवकर झिजणारे पिरेली, आणि सीझन चालू असताना टेस्टिंग करायला २००९ पासूनच बंदी. टेस्टिंग करून गाडी घडवणं हा त्याच्या ड्रायव्हिंगचा अर्धा भाग होता, असं माझं मत. तो अर्धा भाग नियमाने काढून घेतला. उरलेला अर्धा आणि एक्केचाळिशी, एवढ्यावर तो रोझबर्गशी लढला.

वय हेच एकमेव कारण म्हणाल तर लाउडा पाहा. १९७९ मध्ये मध्येच सोडून गेला, १९८२ मध्ये परतला आणि तिसरीच रेस जिंकला. १९८४ ला चॅम्पियन झाला, अर्ध्या गुणाने, तेही आपल्याच टीममधल्या प्रोस्टला मागे टाकून. अलोन्सो २०१८ ला गेला, २०२१ ला आला, आणि २०२३ मध्ये बेचाळिशीत आठ वेळा पोडियमवर. आपल्याकडे पुण्याचे संजय टकले पन्नाशी ओलांडल्यावर २०२५ च्या डकार रॅलीत क्लासिक गटात उतरले. तिथे सगळ्यात जोरात कोण यापेक्षा ठरवून दिलेला सरासरी वेग वाळवंटात कोण राखतो हे मोजतात. म्हणजे काय मोजायचं ठरवलंय, त्यावर कोण भारी ते ठरतं.

शूमाकरच्या त्या तीन वर्षांतही मोजण्यासारखं आहे. २०११ ला स्पाला क्वालिफाइंगमध्ये चाक निघालं, शेवटून सुरुवात करून तो पाचवा आला. २०१२ ला मोनॅकोत क्वालिफाइंगमध्ये सगळ्यात वेगवान होता, आधीच्या रेसमधल्या धडकेमुळे पाच जागा मागे गेला. आणि वॅलेन्सियाला तिसरा आला, वय त्रेचाळीस. यूट्यूबवर तो पोडियम बघा. सात विजेतेपदं घेतलेला माणूस तिसऱ्या नंबरसाठी एवढा खूश! २०१३ च्या डिसेंबरमध्ये स्कीइंग करताना त्याच्या डोक्याला मार लागला आणि तेव्हापासून तो लोकांसमोर आलेला नाही. तो २००६ ला थांबला तो थांबलाच असता तर रेकॉर्ड स्वच्छ राहिलं असतं आणि हे काहीच झालं नसतं. मला तरी हा सौदा महाग वाटतो.

मामानेही साठीला ट्रक सोडला होता. डोळ्याचं ऑपरेशन झालं, दोन वर्षं घरी बसला, आणि एक दिवस पिकअपची किल्ली मागितली. घरात सगळे म्हणाले, आता कशाला? त्यात मीपण होतो. त्याच गाडीने, तेवढ्याच मालात माझा मामेभाऊ घाट त्याच्याआधी काढतो. मामाला हे माहीत आहे, तो स्वतःच हसत सांगतो. आणि पहाटे चारला कांदा भरून निघतो.