फुकटच्या विद्येची हजेरी

हल्ली जो भेटतो तो सांगतो, "मास्तर, आता शाळा-कॉलेजांचे दिवस संपले. सगळी विद्या मोबाइलवर फुकट आहे!" सांगणारे गृहस्थ बहुधा पदवीधर असतात आणि त्यांची स्वतःची मुले पुण्यास भरभक्कम फी देऊन शिकत असतात, एवढे जाता जाता नमूद करतो.

विद्या फुकट झाली हे खोटे नव्हे. अमेरिकेतील एमआयटीने आपले पाठ जगाला खुले करण्याचे 2001 साली जाहीर केले. आपल्या सरकारचे 'स्वयं' 2017 साली सुरू झाले. आयआयटीच्या प्राध्यापकांचे व्याख्यान भुदरगडच्या पोराला घरबसल्या ऐकता यावे, ही सामान्य गोष्ट नाही. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. या दाराची किंमत मला कोणी शिकवू नये. मीही हौसेने नाव घातले. तीन आठवडे टिकलो. चौथ्यात घरी पाहुणे आले, शाळेत परीक्षा आल्या, आणि पडद्यावरचे प्राध्यापक बोलायचे ते बोलतच राहिले. मी उठून गेलो हे त्यांच्या गावीही नव्हते. आमच्या वर्गातला पोरगा दोन दिवस दिसला नाही, तर आम्ही घरी निरोप धाडतो!

हा माझाच आळस म्हणावा, तर हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या अशाच अभ्यासक्रमांची तपासणी 2019 साली प्रसिद्ध झाली. 2017-18 च्या वर्षात नाव घालणाऱ्यांपैकी शेवटास पोचलेले शेकडा चारदेखील भरले नाहीत. साऱ्या जगाला एकदम आळस आला काय?

आमच्या कोल्हापुरात हे कोडे एका माणसाने केव्हाच ओळखले होते. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत केले, तसेच सक्तीचेही केले. पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. पण त्याआधी सोळा वर्षे, 1901 सालीच, मराठा बोर्डिंग उभे राहिले होते. पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मुलांची वसतिगृहे निघाली. खेड्यातल्या पोराला फीआधी भाकरी लागते, अंथरूण लागते, दिवा लागतो, आणि 'अभ्यास झाला का रे?' असे दरडावणारे कोणीतरी लागते, हे त्या राजाला ठाऊक होते.

आजच्या फुकट विद्येपाशी यांतले काय आहे? अभ्यासक्रम बहुतेक इंग्रजीत. पाठ मोफत, पण प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी. गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून रात्री परतणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याचे घर दोन खोल्यांचे, त्यात टीव्ही चालू. त्याच्या बहिणीला तर फोन मिळतो तोच भाऊ झोपल्यावर!

म्हणून माझे मागणे अगदी लहान आहे. दसरा चौकाच्या आसपास आजही बोर्डिंगे उभी आहेत. एकीने एक खोली संध्याकाळी उघडावी. चार संगणक, एक फळा, आणि अडले तिथे मराठीत समजावणारा एक माणूस. इंजिनियरिंगची मुले आळीपाळीने येतील; बोलावून पाहावे. हजेरी घ्यायला मी येतो. सातनंतर मला काम नसते, आणि माझाही तो चौथा आठवडा अजून बाकी आहे.