व्रतस्थ योद्ध्याचे सोंग

नवेपणाची हौस हे तरुणपणाचे भूषण होय, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु जुनाच अंगरखा उलटा करून अंगात घालावयाचा आणि त्यास नवे वस्त्र म्हणून मिरवावयाचे, या चतुराईस नवेपण म्हणण्यास आम्ही तयार नाही. हे लिहिण्याचा प्रसंग एका खेळावरून आला आहे. पुण्याहैदराबादेस शिकणारी आमच्या मुखेडाकडील मुले सुटीत घरी येतात, ती अलीकडे वीस पैलूंचा फासा आणि जाडजूड नियमग्रंथ बरोबर घेऊन येतात, आणि रात्रीची जेवणे आटोपली म्हणजे चारपाच जणांचे कोंडाळे करून बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधाराने प्रसंग सांगावा, पात्राने आपण काय करतो ते बोलून दाखवावे, आणि जेथे संशय राहील तेथे फाशाने निकाल द्यावा, अशी ही रीत आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली हा प्रकार प्रथम प्रसिद्ध केला.

वडील मंडळी यावर नाक मुरडतात. आम्हांस त्यांचे म्हणणे पटत नाही. ज्या मराठवाड्यात पैठणच्या नाथांनी भारुडांतून जोशी, गोंधळी, आंधळा, बहिरा अशा नाना जणांच्या तोंडाने बोलून लोकांस शहाणे केले, त्या मराठवाड्याने तरी सोंग घेण्यास नावे ठेवू नयेत. आमची तक्रार सोंग घेण्याबद्दल नसून एका विशिष्ट सोंगाच्या निवडीबद्दल आहे.

या खेळात पॅलॅडिन नावाचे एक पात्र असते. शार्लमेन बादशहाच्या बारा सरदारांच्या जुन्या फ्रेंच वीरकथांतून हे नाव आले. आपण त्यास व्रतस्थ योद्धा म्हणू. १९७५ च्या 'ग्रेहॉक' नामक पुरवणीत तो या खेळात दाखल झाला, आणि १९७८ च्या नियमग्रंथाने त्यास चांगलेच जखडून टाकले: त्याने सदाचारीच असले पाहिजे, जाणूनबुजून एक दुष्कृत्य केले की त्याचे पद कायमचे गेले, मिळकतीचा दशांश दान करावयाचा, जादूच्या वस्तू दहांहून अधिक बाळगावयाच्या नाहीत. पुढे २००८ च्या आवृत्तीत सदाचाराची अट उठली, आणि २०१४ च्या आवृत्तीत निरनिराळ्या शपथा आल्या. त्यांत एक शपथ सूडाची आहे.

आता रूढ पद्धतीने हे पात्र खेळणारा गडी कंटाळवाणा असतो, हा आक्षेप खरा आहे. तो सोबत्यांचा स्वयंनियुक्त फौजदार होतो. कोणी कुलूप फोडू लागला की याचे प्रवचन सुरू. कोणी थोडे खोटे बोलला की याचा हात मुठीवर! असल्या सोवळ्या शिपायाबरोबर प्रवास करण्यापेक्षा घरी बसलेले बरे, असे इतरांस वाटल्यास नवल नाही. म्हणून चलाख मुलांनी तोड काढली. एकाने आपला व्रतस्थ मद्यपी केला, दुसऱ्याने ढोंगी केला. आणि बहुतेकांनी सूडाची शपथ घेऊन असा वीर निर्माण केला की जो देवाच्या नावाने शरण आलेल्याचाही गळा कापतो आणि वर 'मी चाकोरीबाहेरचा आहे' म्हणून मिशीवर ताव देतो.

चाकोरीबाहेरचा? अहो, आमच्या जिल्ह्यात हीच तर चाकोरी होती! मुखेड, कंधार, देगलूर हा सारा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. लातुरास वकिली केलेल्या कासिम रझवीने रझाकारांच्या हाती शस्त्रे दिली ती धर्माचे नाव घेऊनच, आणि त्यांनी खेडोपाडी जे केले ते सांगणारे वृद्ध आमच्या पिढीने आपल्या ओसरीवर ऐकले आहेत. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा आल्या, पाच दिवसांत संस्थान शरण आले, आणि मग सूडाचा पाळणा उलट दिशेने झुलला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानात फिरून जो अहवाल सरकारास दिला, त्यात मुसलमानांच्या कत्तलींनी सर्वांत अधिक पोळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व बिदर यांच्या पंक्तीस नांदेडचे नाव आहे. तो अहवाल पुष्कळ वर्षे दडपून ठेवलेला होता. दोन्हीकडच्या तलवारींस आपण पवित्र आहोत असेच वाटत होते. तेव्हा ज्या मुलांचे आजे-पणजे या आगीतून निभावले, त्यांनी सूडाच्या शपथेस कल्पकता म्हणावे, हे आम्हांस पाहवत नाही.

मग चाकोरीबाहेरचा योद्धा शोधावयाचा कोठे? त्यासाठी फ्रान्सात जाण्याचे कारण नाही. नांदेडापर्यंत गेले तरी पुरे. गोदावरीच्या काठी माधोदास नावाचा एक बैरागी मठ करून राहत असे. परंपरा अशी सांगते की, तारुण्यात शिकार करताना त्याच्या हातून गाभण हरिणी मेली, आणि त्या दुःखाने त्याने शस्त्र टाकले. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांची व त्याची भेट झाली, आणि तोच बैरागी बंदा सिंग होऊन पंजाबकडे निघाला. १७१० साली त्याने सरहिंद घेतले, जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांस दिल्या, आणि १७१६ मध्ये दिल्लीस त्याचा वध झाला. हे पात्र घेऊन पाहा. ज्यास शस्त्राची शिसारी आली आहे अशाच्या हाती शस्त्र आले, तर प्रत्येक घावापूर्वी त्यास ती हरिणी आठवेल की नाही? सरहिंदेत आठवली असेल काय? सूत्रधाराने एवढाच प्रश्न विचारावा. फाशास या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

त्याच गुरूंच्या परिवारातला भाई कन्हैया याहून विलक्षण. आनंदपूरच्या वेढ्यात हा पखाल घेऊन रणात फिरे आणि जखमी शत्रूसही पाणी पाजी. शिखांनी गुरूंकडे फिर्याद नेली. कन्हैया म्हणाला की, मला शत्रू-मित्र वेगळे दिसतच नाहीत. आणि गुरूंनी त्यास शिक्षा न करता वर जखमेवर लावावयास मलम दिले, अशी कथा शीख परंपरेत सांगतात.

आणि आमचा खंडोबा? लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेस मुखेडाकडील किती कुटुंबे जातात हे सांगावयास नको. घोड्यावर बसून मणि-मल्लांचा संहार करणारा हा देव लोककथेत म्हाळसेबरोबर सारीपाट खेळतो, चक्क हरतो, बारा वर्षे घर सोडतो, आणि धनगरांच्या बाणाईकडे चाकर होऊन मेंढरे राखतो. फासा टाकून हरलेला देव! शिवाय ज्या मणीस त्याने जिंकले, त्यास शरण येताच आपल्या देवळात जागा दिली. इतका चाकोरीबाहेरचा वीर घरचा असताना मुलांनी काळा अंगरखा घातलेला क्रूर शिपाई उसना आणावा, याला काय म्हणावे?

या तिघांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्या व्रताचा काच प्रथम त्यांना स्वतःला बसतो. सूडवाल्याची शपथ दुसऱ्याच्या मानेवर पडते. यांची आपल्या खांद्यावर. १९७८ च्या नियमांतील दशांश दान आणि दहा वस्तूंची मर्यादा या दोन कलमांचा खेळाडूंना सदैव कंटाळा. आमच्या मते त्या सबंध पात्रात तीच दोन कलमे खरी रसाची होती. लूट वाटताना ज्याने अकरावी तलवार हसत परत ठेवली, त्याच्याकडे सोबती कसे पाहतात हे एकदा अनुभवावे.

यावर आमचे तरुण मित्र म्हणतील की, असल्या साधूने खेळात रंग भरणार नाही. बरे, तर सूत्रधाराने एवढे करावे: लढाई संपली आहे, उन्हाचा कहर आहे, पखालीत एकाच ओंजळीपुरते पाणी उरले आहे, एका अंगास आपला जखमी सोबती, दुसऱ्या अंगास ज्याने त्यास जखमी केले तो, आणि दोघेही व्रतस्थाकडेच पाहत आहेत. आता फासा बाजूस ठेवावा आणि आपला गडी काय बोलतो ते ऐकावे.