मामांचे कान

२०१६ साली ‘दंगल’ बघायला मी मामांना घेऊन गेले होते. मामा तरुणपणी आमच्या बुरहानपूरच्याच आखाड्यात घुमलेले. अर्धा सिनेमा ते नुसते “बरोबर, बरोबर” म्हणत होते. कलाकारांना इंदूरच्या कृपाशंकर बिश्नोईंनी तयार केलं होतं. म्हणजे पवित्रा, पकड, पट काढणं, सगळं खऱ्या पैलवानाच्या हाताखालचं. तिथे मला खोट काढता येत नाही.

खोट आहे ती निकालात. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाटने ५५ किलोची अंतिम कुस्ती १-०, ७-० अशी दोन फेऱ्यांतच मारली. सिनेमात मात्र ती तिसऱ्या फेरीत, अगदी शेवटच्या क्षणी, पाच गुणांच्या डावावर जिंकते. वडिलांना खोलीत कोंडतात, तेही रचलेलंच. एका फेरीत सात गुण घेणारी मुलगी पडद्यावर हरता हरता वाचते! गौरव करायच्या नादात तिला कमीच केलं की, असं माझं मत.

आणि खडाखडी? मातीत दोन पैलवान मनगट, मान धरून कितीतरी वेळ एकमेकांचा अंदाज घेत राहतात. बघणाऱ्याला वाटतं, काहीच चाललं नाही. खरी कुस्ती तिथेच असते, आणि सिनेमात तिला जागा नसते. म्हणून माझ्या मैत्रिणी आखाड्यातली कुस्ती ‘बोअर’ म्हणतात.

परतताना मामांना विचारलं, कसा वाटला?

“डाव खरे होते गं. पण इतक्या कुस्त्या करून पोरीचे कान कसे नाही मोडले?”

आणि स्वतःच्या गाठाळलेल्या कानाला हात लावून हसले.