प्रत्येक कंबरदुखी म्हणजे उसण नव्हे

कंबर धरली की आपल्याकडे निदान घरातच होतं: "उसण भरली असेल." मग बाम चोळायचा, शेक घ्यायचा, मेडिकलमधून गोळी आणायची. गावाकडे तर पायाळू माणूस शोधून त्याची लाथ पाठीवर घेतात. बहुतेक वेळा दुखणं स्नायूंचं असतं आणि काही दिवसांत आपोआप थांबतं, त्यामुळे उपायाला गुण आला असं वाटतं. माझा आक्षेप शेक-बामला नाही. दुखणं कसं सुरू झालं हे न विचारता तेच करत बसण्याला आहे.

तुमच्या कण्याच्या अगदी पुढून महाधमनी जाते, शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. पोटात तिची रुंदी साधारण 2 सेंटीमीटर असते. वय, धूम्रपान, उच्च रक्तदाब यांमुळे तिची भिंत कमजोर होऊन ती फुगू शकते. रुंदी 3 सेंटीमीटर किंवा जास्त झाली की त्याला अन्युरिझम म्हणतात. हा फुगा वर्षानुवर्षं काहीच त्रास देत नाही. फुटू लागला की अचानक कंबर, कूस किंवा पोट दुखतं. ही कळ मुतखड्यासारखीच वाटते आणि डॉक्टरांचीही फसगत होते. फुगा फुटलेले निम्म्याहून अधिक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे महाधमनीचा आतला थर फाटून रक्त भिंतीत शिरणं. यात छातीत किंवा पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, काहीतरी फाटल्यासारखी कळ येते.

म्हणून पाठ किंवा कंबर दुखताना यांपैकी काही असेल तर घरी थांबू नका:

- वजन उचललं नाही, वाकलात नाही, तरी दुखणं एका क्षणात आणि जोरात सुरू झालं
- चक्कर, दरदरून घाम, अंग गार पडणं, शुद्ध हरपणं
- पोटात काहीतरी ठोके देत असल्यासारखं जाणवणं
- पाय अचानक गार, बधिर किंवा लुळा पडणं

वय साठीच्या पुढे असेल, विडी-सिगारेटची सवय असेल, बीपी असेल किंवा घरात कुणाला हा आजार झाला असेल, तर धोका अधिक. मालिश नको, "सकाळी बघू" नको. 108 ला फोन करा, सीटी स्कॅनची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठा आणि दुखणं अचानक सुरू झालं हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.

अल्बर्ट आइन्स्टाइन 1955 मध्ये असाच फुगा फुटून गेले. 1948 मध्ये ऑपरेशनच्या वेळी तो सापडला होता, पण तेव्हा त्याभोवती सेलोफेन गुंडाळण्यात आलं. आज धमनीच्या आत स्टेंट-ग्राफ्ट बसवता येतो. फुगा फुटण्याआधी सापडला तरच त्याचा खरा उपयोग.

ब्रिटनमध्ये 65 वर्षांच्या पुरुषांना पोटाच्या एका सोनोग्राफीसाठी बोलावलं जातं. आपल्याकडे निदान धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या ज्येष्ठ पुरुषांची तरी एकदा अशी तपासणी व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. ती वेदनारहित असते आणि काही मिनिटांत होते. वडिलांची सोनोग्राफी दुसऱ्या कारणासाठी होणार असेल, तरी "महाधमनीची रुंदीही बघाल का?" एवढं जरूर विचारा.

कंबरदुखीला घाबरू नका. पण ती अचानक आली, तर तिला उसण म्हणण्याआधी थांबून विचार करा.